कॉर्न स्नेक, बॉल पायथन की सँड बोआ: विदर्भातल्या गावात कोणता साप पाळावा?

शेतात सापडलेली धामण किंवा दिवड घरी ठेवायचा विचार असेल तर आधी तो सोडा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपले देशी साप पाळता येत नाहीत. पाळायचे ते परदेशी, बंदिस्त जागेत जन्मलेले, बिनविषारी.

त्यांच्याबद्दल जिथे तिथे पेटी गरम कशी ठेवायची तेच लिहिलेलं असतं. आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. मे महिन्यात अकोला, चंद्रपूरचा पारा 45 च्या पुढे जातो आणि नेमकी दुपारीच लाइन जाते. कॉर्न स्नेकला पेटीची गरम बाजू 28 ते 30 अंश पुरते, बॉल पायथनला 31-32. दुसरी बाजू थंडच हवी. कवेलूची, मातीच्या भिंतींची खोली आणि इन्व्हर्टरवर चालणारा कूलर नसेल, फक्त टिनाचं छप्पर असेल, तर कोणताच आणू नका.

बॉल पायथन शांत, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. पण कधीकधी तो महिनोन्‌महिने खात नाही आणि नवा मालक हादरतो. ओलावाही त्याला जास्त लागतो. शिवाय तो 20-30 वर्षं जगतो. आज बारावीत असाल तर तुमची पोरं शाळेत जातील तेव्हाही तो असेल.

केनियाचा सँड बोआ लहान, कोरड्या मातीत पुरून राहणारा. हवेचा विचार केला तर आपल्याकडे हाच शोभतो. तरी गावात मी तो सुचवणार नाही, कारण तो दिसतो मांडुळासारखा. "त्याच्याकडे दुतोंड्या आहे" अशी बातमी फुटली की आधी गुप्तधनवाले येतील, मागोमाग वनरक्षक. तेव्हा कागद दाखवत बसा. कागदही लागतातच: बॉल पायथन आणि हा सँड बोआ, दोन्ही सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत, म्हणून 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

कॉर्न स्नेक त्या यादीत नाही (बिल मात्र जपा). चार-पाच फूट, नारिंगी, खाण्याचे फारसे नखरे नाहीत. माझं मत यालाच. फक्त पळण्यात पटाईत. झाकणाला कडी नसेल तर कवेलूत शिरेल आणि शेजारी काठ्या घेऊन येतील.

शेतातला उंदीर कोणालाच घालू नका, त्याने झिंक फॉस्फाइड (उंदीर मारायचं विष) खाल्लेलं असू शकतं. गोठवलेले उंदीर शहरातून आणावे लागतात, आणि ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवायचे असतील तर साप आणायच्या आधी आईला विचारा.