रेडिओकार्बन चाचणीला चुनखडी पाठवणार असाल, तर आधी हे वाचा

सेवा: परदेशातल्या एका व्यापारी प्रयोगशाळेची रेडिओकार्बन चाचणी, म्हणजे वस्तूतल्या कार्बनवरून तिचं वय काढणं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अडचण एकट्या त्यांची नाही. नमुना: अथणी तालुक्यातल्या काळ्या रानाखालची चुनखडी, म्हणजे मातीतच धरलेले चुन्याचे खडे. मोजमापाला पाचपैकी पाच, अहवालाला दोन.

मी निपाणीत हायस्कूलला भूगोल शिकवते. मामांनी रानात शेततळं खोदलं तेव्हा जेसीबीनं कापलेल्या भिंतीत काळीच्या खाली पांढुरक्या खड्यांचा हातभर जाड पट्टा उघडा पडला. त्या पट्ट्याच्या पोटात गारेचं एक पातं मिळालं, कडेनं बारीक टवके काढलेलं, माणसाच्या हातचं. गारेत कार्बन नसतो, म्हणून ही चाचणी पात्यावर चालत नाही. चुनखडीत कार्बन असतो. आमच्या इतिहास मंडळानं वर्गणी काढून खडे पाठवले.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. फॉर्म सुटसुटीत, ईमेलला उत्तर वेळेवर, नमुना लागतो चिमूटभर. शुद्ध चुनखडीत वजनाच्या १२ टक्के कार्बन असतो, त्यामुळे १० मिलिग्रॅम पुडीतून मिलिग्रॅमभर कार्बन मिळतो आणि आजच्या यंत्रांना तेवढा पुरतो. पुडीवर फॉस्फोरिक आम्ल घालायचं, निघालेल्या वायूचं ग्राफाइट करायचं आणि त्यातले कार्बन-१४ चे अणू मोजायचे. हे अणू काळाबरोबर घटत जातात, म्हणून जितके कमी उरलेले, तितकं वय जास्त. विलर्ड लिबी यांना ज्या पद्धतीसाठी १९६० चं नोबेल मिळालं, तिचंच हे पुढचं रूप. मोजणीवर माझा पूर्ण विश्वास आहे.

आम्ही एकाच खड्याचे दोन नमुने केले होते. फरशी कापणाऱ्याकडून खडा मधोमध कापून घेतला. आत राखाडी, घट्ट गाभा, त्यात केसासारखी काळी भेग. बाहेर खडूसारखी साल, नखानं खरवडली तर पीठ निघावं अशी. गाभा एका डबीत, साल दुसऱ्या डबीत. निकाल आला तर एकाच खड्याच्या दोन वयांत कित्येक हजार वर्षांचं अंतर! आणि दोन्ही आकड्यांपुढची अधिक-उणे मात्र शंभर वर्षांच्या आतली.

ती अधिक-उणे असते फक्त मोजणीची. चुनखडी मातीत कशी वाढली, याचा त्यात काहीच हिशेब नसतो. अहवालात हे एका ओळीनंही सांगितलेलं नाही. उलट तो आकडा हवेतल्या कार्बनच्या इंटकॅल२० आलेखावर बसवून कॅलेंडरची वर्षं काढून दिली आहेत. कोळशाला ते शोभतं, कारण झाडानं कार्बन हवेतूनच घेतलेला असतो. जमिनीतल्या चुनखडीचं तसं नाही. मुळांच्या श्वासाचा वायू पाण्यात उतरतो, ते पाणी धुळीतला किंवा खडकातला जुना चुना विरघळवतं आणि उन्हानं आटलं की पुन्हा खडा धरतं. दर पावसाळ्यात थोडं विरघळतं, थोडं नव्यानं बसतं. मामा खड्ड्याच्या काठावर उभं राहून म्हणाले होते, "पोरी, ही चुनखडी जित्ती हाय, दर पावसाला वाढतीया." अहवालात नेमकं हेच वाक्य हवं होतं.

बिघाड दोन्ही बाजूंनी होतो, पण सारखा होत नाही. खड्यात १० टक्के जुना, कार्बन-१४ संपलेला चुना मिसळला, तर वय साडेआठशे वर्षांनी जास्त दिसतं. आता उलटं बघा. खडा लाखो वर्षांचा आहे, त्यातला कार्बन-१४ कधीच संपलाय, आणि त्यात आजचा कार्बन फक्त १ टक्का शिरला. चाचणी सांगणार ३७,००० वर्षं. ५ टक्के शिरला तर २४,०००. १० टक्के शिरला तर साडेअठरा हजार. तिन्ही आकडे अगदी खरे वाटतात, तिन्ही छापता येतात आणि तिन्ही साफ चुकीचे. अख्खा खडा दळून वय काढणं म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या वयाची सरासरी काढून ती आजोबांचं वय म्हणून सांगणं.

वाळवंटात काम करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. थरच्या वाळवंटात डिडवाण्याजवळच्या १६-आर या टेकाडात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी खोल चर खणला. त्यात चुनखडीचे थरावर थर आणि दगडी हत्यारं मिळाली. वय काढायला त्यांनी युरेनियम-थोरियम (युरेनियमचं किती थोरियम झालं ते मोजणारी) आणि प्रकाशावर आधारलेल्या पद्धती वापरल्या, कारण रेडिओकार्बनची धाव सुमारे ५०,००० वर्षांवर संपते आणि तळचे थर लाखाच्याही पलीकडचे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात तर गोट्यांवरच्या पातळ लेपापासून दगडासारख्या घट्ट थरापर्यंत चुनखडीच्या वाढीच्या पायऱ्याच ठरवल्या गेल्या, म्हणजे आकडा यायच्या आधी डोळ्यांनी अंदाज बांधता येतो. गोट्याच्या खालच्या अंगावरचा लेप असेल, तर गोट्याला चिकटलेला अगदी आतला पापुद्रा वेगळा काढून तपासतात. तो सगळ्यात आधी बसलेला, म्हणून त्यातल्या त्यात विश्वासाचा.

आपल्या भागात जागा बघून शंका घ्यायला हवी. अथणी-चिकोडीकडे खाली बेसॉल्ट आहे, तिथं जुन्या चुनखडकाची भेसळ कमी, नव्या कार्बनची भीती जास्त. यादवाड-लोकापूरकडे, जिथं सिमेंटसाठी चुनखडक काढतात, तिथं कोट्यवधी वर्षांच्या खडकाची धूळ प्रत्येक खड्यात असणार. एकच चाचणी, एकच दर, पण दोन ठिकाणच्या आकड्यांकडे दोन वेगळ्या नजरांनी बघावं लागतं. ग्राहकाला हे प्रयोगशाळेनं विचारायला नको का? फॉर्मवर "नमुना: कार्बोनेट" एवढाच रकाना आहे. शिंपला आणि मातीतला खडा त्यांच्या लेखी एकच.

ईमेल केला तेव्हा त्यांच्या तज्ज्ञ बाईंनी सविस्तर उत्तर दिलं आणि गाभ्याचं वयसुद्धा "किमान वय" म्हणूनच धरा, असं स्पष्ट लिहिलं. उत्तर उत्तम होतं. ते अहवालाच्या पहिल्या पानावर असतं तर मी पाच गुण दिले असते. आमच्या मंडळात एकानं तोवर सालीचा आकडा पात्याचं वय म्हणून गावच्या ग्रुपवर टाकून दिला होता, तो आता मागे घेता घेता जीव जातोय.

पैसे घालणार असाल तर अख्खा खडा देऊ नका. गाभा आणि साल वेगळी करून द्या आणि आम्ल टप्प्याटप्प्यानं घालून प्रत्येक टप्प्याचा वायू वेगळा मोजता का, ते आधी विचारा. त्याच थरात कोळशाचा कण मिळाला तर चुनखडी सोडा, कोळसाच पाठवा. घटप्रभेच्या काठी गोकाकच्या खालच्या अंगाला असाल तर वालुकाश्माची वाळू भरपूर मिळते, तिथं वाळूवर शेवटचं ऊन कधी पडलं हे सांगणारी चाचणी जास्त उपयोगी. तो नमुना मात्र उजेडात काढायचा नाही. लोखंडी पाइप भिंतीत आडवा ठोकायचा आणि बाहेर काढल्याबरोबर दोन्ही तोंडं काळ्या प्लास्टिकनं घट्ट बांधायची.