एकट्याचं ड्रिबलिंग की पाचजणांचा पास?

आमच्या बास्केटबॉल टीमचा अटॅक सध्या एकाच माणसावर चालतो. गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारा खेळाडू, बॉल घेऊन येतो, बाकीचे चौघे कमरेवर हात ठेवून उभे. शॉट मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांमधला (शॉट क्लॉक) बराचसा वेळ नुसता बॉल आपटत राहण्यात, म्हणजे ड्रिबलिंगमध्ये जातो आणि मग दोन डिफेंडर अंगावर असताना घाईघाईत लांबून तीन पॉइंटचा शॉट मारला जातो. बॉल कमी हातांतून फिरतो म्हणून पास चुकत नाहीत, हे मान्य. शेवटच्या मिनिटाला हुकमी खेळाडू लागतोच.

दुसरी पद्धत म्हणजे पास दिला की लगेच कट मारायचा, म्हणजे मोकळ्या जागेत झटकन पळायचं, नाहीतर दुसऱ्यासाठी स्क्रीन लावायचा, म्हणजे त्याच्या डिफेंडरच्या वाटेत उभं राहायचं. अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या २०१४च्या फायनलमध्ये सॅन अँटोनिओ स्पर्सनी मायामी हीटला ४-१ हरवलं ते असंच खेळून. स्वतःला बरा शॉट मिळत असतानाही, त्याहून मोकळा असलेल्याला बॉल द्यायचा. डिफेंडर अर्धं पाऊल मागे पडला की बास्केटखाली सोपा ले-अप, म्हणजे अगदी जवळून टाकलेला बॉल. यात सराव जास्त लागतो, टर्नओव्हर होतात (बॉल समोरच्यांकडे जातो), आणि मे महिन्यात मुंबईच्या उघड्या कोर्टावर पार दमछाक होते.

तरी मला दुसरीच पद्धत हवी. पहिलीत चौघांना उभं राहायची सवय लागते, तीच डिफेन्समध्ये उतरते. शॉट हुकला तर रिबाउंडला, म्हणजे परत उडालेला बॉल पकडायला, कुणी झेपावत नाही, सगळे चालत परततात. बॉल रिंगला लागून आपल्याच हातात आला तर शॉटसाठी नव्याने १४ सेकंद मिळतात, तेही आम्ही सोडून देतो! मुंबईतल्या नागपाड्याचे प्रेक्षक लहानपणापासून बास्केटबॉल बघत आलेत. हरलेल्या टीमलाही ते टाळ्या देतात, पण पळ काढून हरलेल्या नव्हे, लढून हरलेल्या.