आफ्रिकेतलं संशोधन वाचायचंय? आधी एजेओएल उघडा

आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन, म्हणजे एजेओएल. आफ्रिकेतली जर्नल्स, म्हणजे संशोधनाची नियतकालिकं, एकत्र देणारी, १९९८ला सुरू झालेली साइट, आता दक्षिण आफ्रिकेतून चालते आणि नॉन प्रॉफिट आहे. आफ्रिकेतल्या विकासाबद्दल आपण वाचतो ते बहुतेक बाहेरच्यांनी लिहिलेलं असतं, इथे तिथलेच लोक लिहितात, त्यात पीएचडी करणारी, नुकती लेक्चरर झालेली पोरंपण, ज्यांना मोठ्या परदेशी जर्नलची पेपर छापायची फी परवडणं अवघडच. घाना मेडिकल जर्नल, इथिओपियन जर्नल ऑफ हेल्थ डेव्हलपमेंट असली नावं एकाच ठिकाणी सापडतात, शेती, पाणी, बाळंतपण, शाळा, सगळं आहे, आणि विषय कसे तर एका जिल्ह्यातली लसीकरणाची अडचण वगैरे, एकदम जमिनीवरचे. मला तेच जास्त आवडतं राव.

अॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे पेपरचा सारांश फुकट, ओपन अॅक्सेस म्हणजे सगळ्यांना खुल्या जर्नलांची पीडीएफपण फुकट, बाकीच्या जर्नलांच्या पीडीएफसाठी पैसे मोजावे लागतात. दर्जा मात्र जर्नलनुसार बदलतो हां, सॅम्पल किती घेतलंय, म्हणजे अभ्यास किती जणांवर केलाय, ते बघूनच पुढे वाचा. दिसायला साइट साधीच, पण काम होतं. फ्रेंचमधले पेपरपण आहेत, ते येत असेल तर मजाच. साडेचार स्टार.