एरोसोल फायर सिस्टम म्हणून पांढरी पावडर गळ्यात मारली, सावध राहा

इलेक्ट्रिक पॅनल रूमसाठी आग विझवणारे एरोसोलचे डबे बसवून घेतले आणि चक्क फसवणूक झाली, संताप अजून जात नाहीये म्हणून लिहितोय. सहा डबे, प्रत्येकावर 500 ग्रॅम छापलेलं. 60 टक्के आगाऊ, 30 टक्के बसवल्यावर, 10 टक्के नंतर असं ठरलेलं. म्हणजे 90 टक्के गेले.

डेमो खरा होता हे आधी सांगतो, कारण जो तो विचारतो की तुला कळलं कसं नाही. एक घनमीटरची काचेची पेटी, आत ट्रेमध्ये पेट्रोल पेटवलेलं, डबा सुटला, पेटी पांढऱ्या धुरानं भरली आणि आग गायब. कुणीही विश्वास ठेवला असता. आणि तंत्र खोटं नाहीच मुळी. खऱ्या डब्यात पोटॅशियम नायट्रेट आणि बाइंडरची घट्ट वडी असते, ती स्वतः जळते, तिच्या धुरात पोटॅशियमच्या क्षारांचे अगदी बारीक कण असतात आणि ते ज्वाळेतले हायड्रोजन, हायड्रॉक्सिल असे रॅडिकल (जळणं चालू ठेवणारे चपळ कण) पकडून जळण्याची साखळीच तोडतात. ऑक्सिजन हटवायची गरज नाही, त्यामुळे थोड्या मालात काम होतं, सिलिंडर लागत नाही. मला डबे विकणाऱ्या माणसानं नेमका ह्याचाच फायदा घेतला. प्रेशर नाही म्हणजे गेज नाही, आणि गेज नाही म्हणजे आत काय कोंबलंय ते बाहेरून कळायला काही मार्गच नाही.

माप घ्यायला आला तेव्हाच त्याला हाकलायला हवं होतं. लांबी 5 मीटर, रुंदी 4 मीटर लिहून घेतली आणि टेप खिशात टाकली. उंची मोजलीच नाही! एरोसोल अख्ख्या खोलीत भरायचा असतो, हिशोब घनमीटरवर असतो, उंचीशिवाय तो होणार कसा? डोक्यावर एक्झॉस्ट फॅन फिरत होता, आग लागल्यावर तो आपोआप बंद होतो का हेही विचारलं नाही, धूर खोलीत 10 मिनिटं तरी टिकायला पाहिजे हे ह्या धंद्यातल्या माणसाला माहीत नसेल? मी शेजारीच उभा होतो. पण हे बघणं त्याचं काम, त्याचेच पैसे घेतले ना त्यानं. उंची 3 मीटर, म्हणजे 60 घनमीटर, त्याच्याच माहितीपत्रकात घनमीटरला 100 ग्रॅम लिहिलेलं, म्हणजे 6 किलो पाहिजे. डब्यांवरचं छापील खरं धरलं तरी 3 किलोच होतात.

मग एका पॅनलमध्ये केबल पेटली. थर्मल कॉर्ड (उष्णतेनं पेटून डबा सुरू करणारी वात) जळाली, वरचा डबा नुसता फसफसला, त्यातून पिठासारखं काहीतरी खाली सांडलं आणि आग चालूच. इलेक्ट्रिशियननं मेन पाडून सीओटूचा सिलिंडर मारला म्हणून वाचलो. नंतर त्यानं एक डबा खोलला तर आत ना वडी, ना धूर गार करणारे कूलंटचे दाणे, सुटी पांढरी पावडर, वजन 180 ग्रॅम. चिमूटभर जाळून पाहिली, पेटलीच नाही, आणि जे पेटत नाही त्यातून एरोसोल निघणार कुठून? (तुम्ही डबे उघडू नका, माल खरा असला तर हातात पेट घेऊ शकतो.)

पुढचा ताप तर वेगळाच. पोलिस म्हणतात हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. अग्निशमनवाले म्हणतात आम्ही वस्तूंची हमी देत नाही, बसवायच्या आधी यायचं होतं. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगितलं की धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही. लॅबवाला म्हणतो नमुना उत्पादकाकडूनच आला पाहिजे, म्हणजे ज्यानं फसवलं त्याच्याकडूनच नमुना मागायचा?? विमावाल्यानं तर चालू यंत्रणा नव्हती म्हणून क्लेमच अडवलाय. माणूस मेला असता तरच ह्यांनी कागद हलवला असता का? प्रत्येक जण पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो.

डब्यावर बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि कंपाउंडचं निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं नसेल तर हातच लावू नका. आयएसओ 15779 किंवा एनएफपीए 2010 ह्या एरोसोल यंत्रणेच्या मानकांप्रमाणे केलेला हिशोब कागदावर मागा, कुठल्या मॉडेलची चाचणी झाली तो रिपोर्ट मागा, मॉडेल नंबर डब्याशी जुळवून बघा. धुमसणारी गठ्ठ्यातली आग किंवा लिथियम बॅटरी ह्यानं हमखास विझेल असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबवा. आणि डेमोचा डबा अन् बसवायचा डबा एकाच बॅचचा पाहिजे, शक्य असेल तर आलेल्या मालातला एक तुम्ही निवडा आणि त्यालाच तुमच्यासमोर उडवायला लावा.

उरलेले 10 टक्के मी दिलेले नाहीत, देणारही नाही, त्यासाठी त्याचे फोन अजून चालू आहेत.