वाल्थर पिस्तुलाच्या नावाखाली ३,४७,२०० रुपयांची फसवणूक: नव्या परवानाधारकांसाठी माझा अनुभव

माझे ३,४७,२०० रुपये गेले आहेत आणि ते परत मिळतील अशी आशा मी आता फारशी धरत नाही. तरीही हे सविस्तर लिहीत आहे, कारण सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात ज्यांना नुकताच शस्त्र परवाना मिळाला आहे आणि जे पहिले पिस्तूल घेण्याच्या तयारीत आहेत, त्यांच्यापर्यंत हीच माणसे पोहोचणार याबद्दल मला शंका नाही. टोकन घ्यायचे, मग एकेक खर्च काढत राहायचे आणि शेवटी फोन बंद करायचा, ही पद्धत आता सर्वांनाच माहीत आहे. ती मलाही माहीत होती. शस्त्राच्या व्यवहारात मात्र कागदपत्रे इतकी असतात आणि माणूस त्या कागदांना इतका बिचकून असतो की फसवणाऱ्याला त्यांच्याच आड उभे राहता येते.

मी मार्केट यार्डात कांद्याची आडत करतो. हंगामात शेतकऱ्यांच्या पट्ट्या भागवण्यासाठी रोख रक्कम जवळ बाळगावी लागते आणि रात्री-अपरात्री हैदराबाद रस्त्याने घरी यावे लागते. पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण असे सगळे टप्पे पार करून मला रीतसर परवाना मिळाला. त्यावर ३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचे आणि गोळीचे माप) पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अशी नोंद आहे आणि शस्त्र कोणत्या तारखेपर्यंत विकत घ्यायचे ती मुदतही आहे. ही मुदत नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या घाईचे कारण हाव नव्हती, ती तारीख होती.

आपल्याकडे सामान्य परवानाधारकासमोर पर्याय थोडे असतात. सरकारी आयुध कारखान्यांत तयार होणारे अशनी पिस्तूल आहे. कानपूरचे निर्भीक रिव्हॉल्व्हर आहे. ते २०१४ साली आले, वजनाला हलके आहे आणि त्यात सहा गोळ्या बसतात. ९ मि.मी. पिस्तूल आपल्याला मिळत नाही, त्यामुळे मोबाईलवर ग्लॉकची चित्रे पाहत बसण्यात काही अर्थ नाही. अनेक जाणत्यांनी मला सांगितले की पहिले शस्त्र रिव्हॉल्व्हरच असावे, कारण गोळी उडाली नाही तर घोडा पुन्हा दाबला की पुढची गोळी समोर येते, तर पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकलेली गोळी काढावी लागते आणि घाबरलेल्या माणसाचे हात तेव्हा चालत नाहीत. सल्ला चुकीचा नव्हता. पण रिव्हॉल्व्हरचे फुगीर चक्र कमरेला शर्टाखालून दिसते आणि यार्डात शंभर माणसांत वावरताना मला ते नको होते, म्हणून मी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूलच घेण्याचे ठरवले.

त्यानंतर पुण्यातील एका परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात मी अशनी आणि जुने जर्मन वाल्थर पीपी शेजारी शेजारी हाताळून पाहिले, आणि माझे मन वाल्थरवर बसले. या मालिकेत मुख्यतः तीन नमुने आहेत. पीपी १९२९ चे, त्याहून आखूड पीपीके १९३१ चे, आणि अमेरिकेतील १९६८ च्या आयात कायद्यामुळे पीपीची मूठ आणि पीपीकेची स्लाइड जोडून बनवलेले पीपीके/एस. माझा पंजा मोठा आहे. पीपीकेच्या मुठीवर करंगळीला जागा उरत नव्हती, तर पीपीची मूठ हातात भरून बसत होती. पीपीच्या मॅगझिनमध्ये ३२ बोअरच्या आठ गोळ्या बसतात आणि सेफ्टी खाली केली की वर उचललेला हॅमर (गोळीवर आघात करणारा मागचा भाग) गोळी न उडता खाली येतो, हे मी तेथे स्वतः करून पाहिले. दुकानातले ते पिस्तूल मात्र दुसऱ्या गिऱ्हाईकाला दिलेले होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी पिस्तुलांची व्यापारी आयात बंद असल्याने देशात आहेत तेवढीच फिरत राहतात आणि त्यांच्या किमती लाखांत जातात. फसवणारे उभे राहतात ते याच टंचाईच्या तोंडावर. अशनी कोणी खोटे विकायला येत नाही.

आडतीवर नेहमी येणाऱ्या एका वाहतूकदाराने मला एका दलालाचा नंबर दिला. त्या वाहतूकदाराचा यात हात होता असे मला वाटत नाही. त्यालाही तो नंबर कोणाकडून तरी मिळाला होता. दलाल स्वच्छ मराठी बोलत होता, मला 'शेठ' म्हणत होता आणि पैशाचा विषय त्याने आपणहून काढला नाही. शेजारच्या राज्यातील एका निवृत्त वन अधिकाऱ्याकडे तीन शस्त्रे आहेत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच ठेवता येतात, म्हणून ते पीपी विकत आहेत, असे त्याने सांगितले. किंमत ६,७५,००० रुपये. ही किंमत फार कमी असती तर मी फोनच ठेवला असता. ती बाजाराच्या जरा खाली होती, इतकीच. मालकाच्या परवान्याची प्रत, त्यावरचा युनिक ओळख क्रमांक, शस्त्राचे फोटो आणि दुसऱ्या जिल्ह्याचे ना-हरकत पत्र असे सगळे त्याने मागण्याआधी पाठवले.

मी यूपीआयने ५१,००० रुपये टोकन दिले. त्यानंतर २,४०,००० रुपये आरटीजीएसने पाठवले. मग दोन्हीकडच्या विक्रेत्यांच्या नोंदवहीत शस्त्र चढवून ते सोलापूरला आणण्याचा खर्च म्हणून ३८,५०० रुपये गेले. शेवटी विक्रेत्याची फी १५,००० आणि तिच्यावर अठरा टक्के जीएसटी असे १७,७०० रुपये मागितले गेले. हिशेब रुपयापर्यंत बरोबर होता. आम्हा व्यापाऱ्यांना कराची आकडेमोड जुळली की समोरचा खरा वाटतो आणि त्याने नेमका तोच धागा पकडला. त्यानंतर '१,२५,००० रुपये सुरक्षा ठेव, शस्त्र हातात पडताच परत' अशी मागणी आली तेव्हा मी थांबलो. दुसऱ्या दिवशी नंबर बंद होता.

आता त्या फोटोविषयी सांगतो, कारण सगळे काही तेथे माझ्या डोळ्यांसमोर होते. टोकन देण्याच्या आदल्या रात्री मी माझ्या आडतीच्या दुकानात दिवे लावून त्याने पाठवलेला पिस्तुलाचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला होता. स्लाइडच्या डाव्या बाजूला वाल्थरचे फडकत्या पताकेसारखे चिन्ह, त्याखाली जर्मनीतील उल्म शहराचे नाव, पुढे मॉडेल पीपी, आणि त्यापुढे स्पष्ट कोरलेले 'कॅल. ९ मि.मी. कुर्त्स', म्हणजे आखूड ९ मि.मी. गोळी. ३२ बोअरच्या पीपीवर तेथे '७.६५ मि.मी.' असते; पुण्यात मी ते वाचले होते. म्हणजे फोटोतले शस्त्र माझ्या परवान्यावर चढूच शकत नव्हते. मी हे विचारलेही. मी न विचारता पैसे टाकले असे कोणी म्हणू नये. त्याने हसत सांगितले की तो फोटो नमुन्यादाखल आहे, खऱ्या शस्त्राचा फोटो उद्या पाठवतो. आणि दुसऱ्या दिवशी खरोखर '७.६५' असलेला फोटो आला. त्या दुसऱ्या फोटोतली मूठ काळ्या प्लास्टिकची होती, पहिल्यातली लाकडी. दोन वेगळी पिस्तुले एकाच मालकाची म्हणून दाखवली जात होती, दोन्ही फोटो माझ्याच मोबाईलमध्ये एकाखाली एक होते, आणि मी ते शेजारी ठेवून पाहिले नाहीत. त्या आठवड्यात यार्डात आवक प्रचंड होती, पहाटेपासून लिलाव चालत होते आणि परवान्यावरची मुदत डोक्यावर होती. कोणाचेही असेच झाले असते. पण ते दोन फोटो अजूनही रात्री डोळ्यांसमोर येतात आणि संताप होतो.

दुसरी गोष्ट तर कायद्यातच लिहिलेली आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार खासगी मालकाला आपले शस्त्र विकायचे असेल तर त्याने कोणाला विकणार त्याचे नाव-पत्ता देऊन जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर ४५ दिवस जावे लागतात. 'आठ दिवसांत हातात देतो' असे जो म्हणतो तो एकतर कायदा मोडतो आहे किंवा त्याच्याकडे शस्त्रच नाही. आणि तिसऱ्या शस्त्राची ती कहाणी? २०१९ च्या दुरुस्तीत जादा शस्त्र वर्षाच्या आत जमा करण्याची अट होती. इतक्या वर्षांनी ते कोणाच्या घरातल्या कपाटात कायदेशीरपणे असणार? या गोष्टी परवाना देताना एका कागदावर छापून दिल्या असत्या तर माझ्यासारख्याचे पैसे वाचले असते. परवान्यामागच्या अटी सगळ्या आम्ही काय करू नये याच्या असतात. आम्हाला कोण कसे लुबाडेल याबद्दल त्यात एक ओळही नसते.

फसवणाऱ्याहून जास्त मनस्ताप मला त्यानंतर झाला. मी ज्या पोलीस ठाण्यात गेलो तेथे पहिला प्रश्न 'पैसे किती गेले' हा नव्हता, 'तुम्ही पिस्तूल कशाला घेत होता' हा होता. परवाना समोर ठेवला तरी माझ्याकडे बघण्याची नजर बदलली नाही. एका कर्मचाऱ्याने मला ऐकू जाईल अशा आवाजात दुसऱ्याला सांगितले की यात यांच्यावरच शस्त्र कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. मी वैध परवान्यावर, बँकेतून, माझ्या नावाने पैसे पाठवले होते. तरीही मी तेथून घाबरून बाहेर पडलो, आणि त्या भीतीत जो वेळ गेला तोच वेळ चोरांना पैसे काढायला पुरला. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन लावला तेव्हा उशीर झालेला होता; आरटीजीएस गेलेल्या खात्यात फक्त ६,४२० रुपये गोठवता आले. पैसे गेल्याचे कळताच, ठाण्यात जाण्याआधी, १९३० ला फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

पुन्हा ठाण्यात गेलो तर प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे असे सांगून अर्ज तेवढा ठेवून घेतला. पोच मागितली तर शिक्का साहेबांकडे आहे. बँकेत गेलो तर पोलिसांचे पत्र आणा. पोलिसांकडे गेलो तर खाते परराज्यातले आहे, तिकडच्या ठाण्यात जा. तिकडे फोन केला तर सोलापुरात तक्रार द्या. ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच सांगितले आहे की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवून घ्यावी असे स्पष्ट लिहिलेले आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८(४), म्हणजे पूर्वीचे ४२०, दखलपात्र आहे. कायद्याची ही सगळी कलमे मला माझ्या वकिलाने सांगितली, त्याची फी मी भरली, आणि ती मी ठाण्यात जाऊन ज्यांचा पगार त्यासाठी आहे त्यांना वाचून दाखवली. गुन्हा दाखल करून न घेतल्यास तक्रार वरिष्ठांना लेखी, टपालाने पाठवा आणि तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, हाच रस्ता आहे. मीही अखेर त्याच रस्त्याने गेलो. गुन्हा नोंदवला गेला आहे. आरोपी 'अज्ञात इसम' आहे.

खासगी मालकाकडून शस्त्र घ्यायचेच असेल तर शस्त्र आधी तुमच्या माहितीच्या परवानाधारक विक्रेत्याच्या नोंदवहीत जमा होऊ द्या, त्याच्या दुकानात जाऊन स्लाइडवरचा क्रमांक कागदाशी स्वतः ताडून पाहा आणि त्याआधी एक रुपयाही देऊ नका. ना-हरकत पत्र मोबाईलवर आले तर ते ज्या कार्यालयाच्या नावाचे आहे तेथे आवक-जावक क्रमांक विचारा. माझ्या पत्रावरचा क्रमांक त्या कार्यालयाच्या नोंदीत नव्हता. '३२ बोअर' एवढ्या शब्दावर गोळ्याही घेऊ नका. रिव्हॉल्व्हरची ३२ ची गोळी लांब आणि कडेला ओठ असलेली असते, ती पिस्तुलात चालत नाही. मुदत संपत आली असेल तर परवाना शाखेत वाढीसाठी अर्ज करा. मला ती मागता येते हेच कोणी सांगितले नव्हते, आणि अर्ज केल्यावर ती मिळाली.

मी आता अशनीसाठी पुण्यातल्या त्याच विक्रेत्याकडे नाव नोंदवले आहे. पैसे शस्त्र समोर आल्यावर, पक्क्या पावतीवर द्यायचे ठरले आहे. लाकडी मूठ आणि 'कॅल. ९ मि.मी. कुर्त्स' लिहिलेल्या पीपीचा फोटो निवृत्त वन अधिकाऱ्याच्या नावाने तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका, दलालाशी वाद घालू नका, संभाषण पुसू नका. नंबर आणि खाते क्रमांक घेऊन थेट सायबर पोलिसांकडे जा, कारण माझ्या गुन्ह्याला जोडायला दुसरा तक्रारदार मिळाला तरच हा तपास पुढे सरकेल असे मला सांगण्यात आले आहे.