सीआरएम मधूनच अडकतं: आधी कोणता लॉग लावायचा?

सीआरएमबद्दल, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, ‘सकाळी हँग होत होतं, आता चालतंय’ असा फोन आला की आपण सर्व्हरवर लॉगिन करतो, कोणतं काम किती भार टाकतंय ते दाखवणारी टॉप कमांड मारतो, आणि तोवर सगळं शांत झालेलं असतं. सॉफ्टवेअर कायमचं बंद पडलं तर ते दुरुस्त करणं त्यामानाने सोपं. मधूनच येणाऱ्या बिघाडात आधी एवढंच विचारायचं, की तो झाला तेव्हा नोंद कोण ठेवत होतं? अशी आपोआप लिहिली जाणारी नोंदवही म्हणजेच लॉग. खालचे पर्याय मी त्याच कसोटीवर लावले आहेत.

उदाहरणाला सूटसीआरएम घेतो. शुगरसीआरएमच्या कम्युनिटी आवृत्तीपासून २०१३ मध्ये वेगळं झालेलं, पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालणारं, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारं. पर्याय चार आहेत: सीआरएमचा स्वतःचा लॉग, मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग (क्वेरी म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा), पीएचपी-एफपीएमचा म्हणजे पीएचपीची पानं चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा स्लो लॉग आणि बाहेरची एपीएम सेवा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या वेगावर नजर ठेवणारी. पाचवा म्हणजे मोठा सर्व्हर घेणं. मालकांना तोच पहिल्यांदा सुचतो, पण त्याचा नंबर शेवटी.

सीआरएमचा स्वतःचा लॉग

हाताशी असतो म्हणून हाच आधी उघडला जातो. मूळ सेटिंगमध्ये तो फक्त ‘फेटल’, म्हणजे गंभीर त्रुटींच्या, नोंदी ठेवतो, त्यामुळे संथपणाबद्दल काहीच सांगत नाही. मग कुणीतरी पातळी ‘डीबग’वर नेतं. आता प्रत्येक क्वेरी लिहिली जाते, फाइल १० एमबीची झाली की नवी सुरू होते, आणि अशा जुन्या फाइली मोजक्याच ठेवल्या जातात. वर्दळीच्या दिवशी सकाळचा पुरावा दुपारपर्यंत पुसला गेलेला असतो, वर लिहिण्याचा भार वेगळाच. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवर, असाल आणि डेटाबेसच्या सेटिंगला हात लावता येत नसेल तर मात्र यातलीच संथ क्वेरी नोंदवण्याची सोय चालू करा. तिथे दुसरा इलाज नाही.

स्लो क्वेरी लॉग की एफपीएमचा स्लो लॉग?

खरी निवड या दोघांत आहे, आणि दोन्ही फुकट आहेत.

मायएसक्यूएलचा स्लो लॉग मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी मर्यादा १० सेकंदांची असते. सीआरएमसाठी ती फार सैल. १ सेकंदावर आणा. सर्व्हर रीस्टार्ट करावा लागत नाही. लॉगमध्ये आधी दोन आकडे बघा: किती ओळी तपासल्या आणि किती पाठवल्या. सूटसीआरएमची यादी एका पानावर मुळात २० नोंदी दाखवते. वीस ओळी पाठवण्यासाठी काही लाख तपासल्या असतील तर चोर सापडला. बहुधा कुणीतरी इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) नसलेल्या, स्वतः वाढवलेल्या कस्टम फील्डवर यादीची क्रमवारी लावलेली असते. कधी ती यादीखाली एकूण नोंदी दाखवणारी मोजणीची क्वेरी निघते, आणि ती कॉन्फिगमधून बंद करता येते.

पण या लॉगला डेटाबेसपलीकडचं काही दिसत नाही. शिवाय क्वेरी पूर्ण झाल्यावरच नोंद पडते; मध्येच सर्व्हर झोपला तर जिच्यामुळे झोपला ती क्वेरी लॉगमध्ये नसते.

एफपीएमचा स्लो लॉग उलट बाजूने बघतो. पाच सेकंदांची मर्यादा लावली, की त्याहून जास्त रेंगाळलेल्या प्रत्येक रिक्वेस्टचा स्टॅक ट्रेस, म्हणजे कोणतं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याची उतरंड, ती चालू असतानाच, फाइलमध्ये उतरतो. वाचायची ती सगळ्यात वरची ओळ. तिथे मायएसक्यूएलआय-क्वेरी दिसली तर डेटाबेसकडे वळा. कर्ल दिसलं तर एसएमएस गेटवे किंवा तत्सम बाहेरची सेवा उत्तर देत नाहीये. आयमॅप दिसलं तर मेलबॉक्स.

आणि सेशन-स्टार्ट दिसलं तर थोडं थांबून विचार करा, कारण हा प्रकार फसवतो. सेल्समधला एकच माणूस सांगतो की सगळं गोठलंय. शेजारच्या टेबलवर मात्र मजेत काम चाललेलं असतं. त्याने एका टॅबमध्ये मोठा रिपोर्ट लावलेला असतो आणि दुसऱ्या टॅबमध्ये ग्राहकाची नोंद उघडायला घेतलेली असते. पीएचपीचं सेशन, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची तात्पुरती माहिती, फाइलमध्ये असेल तर पहिली रिक्वेस्ट ती फाइल लॉक करून बसते, आणि त्याच माणसाची दुसरी रिक्वेस्ट मागे ताटकळते. रिपोर्टच्या क्वेरी एकेकट्या जलद पण संख्येने शेकडो असतील तर स्लो क्वेरी लॉगमध्ये एक ओळही येत नाही. ब्राउझर बदलून बघा म्हटलं की लगेच चालतं, आणि मग सगळा दोष बिचाऱ्या ब्राउझरवर जातो.

एफपीएमच्याही मर्यादा आहेत. एफपीएमऐवजी अपाची वेब सर्व्हरच्या मॉड-पीएचपीवर असाल तर हा लॉग मिळणारच नाही. सीआरएम डॉकरच्या कंटेनरमध्ये असेल तर पीट्रेसची, म्हणजे चालू प्रोसेसमध्ये डोकावण्याची, परवानगी वेगळी द्यावी लागते. आणि जी रिक्वेस्ट अजून रांगेतच आहे तिची नोंद यात नसते. त्यासाठी एफपीएमचा मुख्य लॉग उघडून ‘मॅक्स चिल्ड्रन’ची, म्हणजे एका वेळी किती रिक्वेस्ट हाताळायच्या याची, मर्यादा गाठल्याची सूचना शोधा. एफपीएमच्या मूळ कॉन्फिगमध्ये ही संख्या ५ असते. पाच जणांनी एकदम लांबणारे रिपोर्ट लावले की सहाव्याला एन्जिनएक्स या वेब सर्व्हरकडून ५०४, म्हणजे वेळ संपल्याची त्रुटी, कारण त्याचा टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा.

माझा कौल एफपीएमला. एकच लॉग लावायचा तर हा लावा, कारण दोष कुठल्या खोलीत आहे ते तो सांगतो. मायएसक्यूएलचा लॉग एकाच खोलीत नीट झाडतो. दोन्ही लावले तर वेळा जुळवताना सांभाळा: मायएसक्यूएल लॉगमधली वेळ मुळात यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) लिहितो, तर एफपीएम सहसा मशीनच्या वेळेत. सकाळी साडेदहाचा बिघाड एका फाइलमध्ये ०५:०० ला सापडेल.

‘लॉक वेट टाइमआउट’ म्हणजे १२०५ ही, दुसऱ्याने लॉक केलेल्या ओळींची वाट बघून थकल्याची, त्रुटी येत असेल तर कोण कुणाला अडवतंय ते यातला कुठलाच लॉग धड सांगत नाही. मूळ सेटिंगमध्ये मायएसक्यूएलचं टेबल सांभाळणारं इंजिन, इनोडीबी, ५० सेकंद वाट बघून ती देतं. बहुतेकदा क्रॉनमधलं, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं, एखादं मोठं काम आणि माणसांचं काम एकाच टेबलवर आलेलं असतं, म्हणून क्रॉनच्या वेळा आधी तपासा.

एपीएम

न्यू रेलिक, डेटाडॉग यांसारख्या सेवा वरचं बरंचसं एका पडद्यावर दाखवतात. सर्व्हर दोन-तीन असतील किंवा सीआरएमला टॅली, वेबसाइट, कॉल सेंटर असं सगळं जोडलेलं असेल तर पैसे वसूल होतात. एका सर्व्हरवर वीस-पंचवीस युजर असतील तर मला ही चैन वाटते. माहिती बाहेर जाते हेही आहेच. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर यूआरएलमधून ग्राहकाचा मोबाइल नंबर तिकडे जातोय का, हे सेवा लावण्याआधी तपासायला हवं.

मोठा सर्व्हर

मेमरी दुप्पट करण्याआधी इनोडीबीच्या बफर पूलचा, म्हणजे त्याच्या मेमरीतल्या कॅशचा, आकार बघा. मूळ सेटिंग १२८ एमबी आहे. ती तशीच असेल तर ३२ जीबीची मेमरी घेऊनही मायएसक्यूएल स्वतःच्या कॅशसाठी त्यातला कणभरच वापरेल. आणि अडचण सेशनच्या लॉकची किंवा एसएमएस गेटवेची असेल तर नवा सर्व्हरही तिथेच अडकेल.

लॉग चालू कराल त्याच दिवशी लॉगरोटेटमध्ये (जुने लॉग आपोआप बदलणारं साधन) दोन्ही फाइली टाका. स्लो क्वेरी लॉगमध्ये ग्राहकांची नावं-नंबर जसेच्या तसे उतरतात, तेव्हा त्या फाइलची परवानगी आवळा आणि व्हेंडरला पाठवण्याआधी एकदा डोळ्यांखालून घाला.