बारावी आर्ट्सवरून इंजिनिअरिंगकडे : ओपन युनिव्हर्सिटीचं एमयू१२३

माझी बारावी आर्ट्सची. पुढे शिवाजी विद्यापीठातून मराठी घेऊन बीए केलं. दहावीला बीजगणितात काठावर पास झाले आणि त्यानंतर गणिताचं पुस्तक हातात धरलं नाही. आता वय ३८. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते, एका कारखान्यात पॅकिंग लाइनवर काम करते, घरी दोन मुलं आहेत. आणि मी इंजिनिअरिंगच्या पदवीला शिकते आहे. हे कसं जमलं असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून ज्या एका कोर्सनं ते जमवलं त्याबद्दल, म्हणजे ओपन युनिव्हर्सिटीच्या एमयू१२३ या गणिताच्या कोर्सबद्दल, सविस्तर लिहिते.

आमच्या आण्णांचं कराडजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी ती बैलगाडीत नाहीतर टेम्पोत घालून आणायचे. शाळेतून आल्यावर मी तांब्याच्या तारेचे वेढे मोजायला बसायची. स्लॉटमध्ये कागद कसा घालायचा, कॉइल कुठल्या स्लॉटातून निघून कुठल्या स्लॉटात जाते, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पण 'गणित कच्चं' असा शिक्का एकदा बसला की पुढचं सगळं दुसरेच ठरवतात. इथे कामावर मशीन बंद पडलं की मेंटेनन्सवाला येतो, पॅनेल उघडतो, आणि माझे हात शिवशिवतात.

आधी जवळच्या एका विद्यापीठाच्या माहिती दिवसाला गेले होते. तिथल्या बाईंनी नीट समजावलं : ए लेव्हलचं (म्हणजे इथल्या बारावीचं) मॅथ्स हवं, बहुतेक ठिकाणी फिजिक्सही. नसेल तर फाउंडेशन इयर करा, पण ते पूर्णवेळ. पूर्णवेळ शिकायचं तर घरभाडं कोण भरणार? मग एका ऑनलाइन क्लासला दोनशे पौंड भरले. नाव घेत नाही. तिथे नुसते व्हिडिओ होते, अडलं तर विचारायला माणूस नाही. तीन आठवड्यांत सोडून दिलं.

ओपन युनिव्हर्सिटीचं नाव कामावरच्या एका बाईकडून कळलं. १९६९ साली स्थापन झालेलं, मिल्टन कीन्सचं हे विद्यापीठ. आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ आलं त्याच्या वीस वर्षं आधीचं. पदवीच्या बहुतेक अभ्यासक्रमांना इथे आधीच्या मार्कांची अट नसते. दहावीला किती, बारावीला गणित होतं का, हे कुणी विचारत नाही. त्याऐवजी वेबसाइटवर एक छोटी चाचणी असते, ती घरीच सोडवून आपण कुठे उभे आहोत ते आपणच बघायचं. मी ती रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोडवली. अपूर्णांकांची बेरीज चुकली. उत्तर स्पष्ट होतं : थेट इंजिनिअरिंगच्या मॉड्यूलला (पदवीतल्या एका कोर्सला इथे मॉड्यूल म्हणतात) हात घालायचा नाही, आधी एमयू१२३ करायचं.

एमयू१२३ म्हणजे 'डिस्कव्हरिंग मॅथेमॅटिक्स'. ३० क्रेडिट, म्हणजे सुमारे ३०० तासांचा अभ्यास. ए ते डी अशी चार छापील पुस्तकं, त्यांत १४ युनिट. पाचव्या युनिटपर्यंत बीजगणित येतच नाही, आधी संख्या, मॉडेल, आकडेवारी. वर्गसमीकरणं दहाव्यात, त्रिकोणमिती बाराव्यात. पुस्तकं एकट्यानं बसून वाचायला लिहिलेली आहेत. उदाहरण सोडवून दाखवतात तेव्हा प्रत्येक पायरी का घेतली तेही शेजारी सांगतात. मला शाळेत हवं होतं ते नेमकं हेच.

पण मला खरं शिकवलं ते टीएमएनं. टीएमए म्हणजे ट्यूटर तपासून देतो ती असाइनमेंट. पहिल्या टीएमएत मी एक गणित असं लिहिलं होतं : १२ × २४ = २८८ + १५ = ३०३. उत्तर बरोबर होतं. पेपर परत आला तर ट्यूटरनं पहिल्या बरोबरच्या चिन्हाभोवती लाल गोल काढलेला, शेजारी फक्त एवढंच, की ही ओळ मोठ्यानं वाचून बघा. मी वाचली. 'बारा चोवीसे बरोबर दोनशे अठ्ठ्याऐंशी अधिक पंधरा.' खोटं वाक्य! बारा चोवीसे म्हणजे २८८, त्यात पंधरा कुठून आले? मी पाच वर्षं मराठीची वाक्यं तपासलेली बाई, माझ्या लेखी ती शुद्धलेखनाची नव्हे, अर्थाचीच चूक होती. शाळेत अशी गणितं मी शेकड्यांनी केली. उत्तर चुकलं की फुली, आलं की बरोबरची खूण, पण ओळ कुणी वाचून दाखवली नाही.

या कोर्समध्ये नीट मांडणीचे वेगळे गुण असतात. वाक्य पूर्ण हवं, एकक हवं, 'म्हणून' कुठून आलं ते दिसायला हवं. ज्यांना भाषा येते आणि गणिताची भीती आहे त्यांच्यासाठी याहून चांगलं दार मला तरी माहीत नाही.

आण्णा प्रत्येक चार पोलच्या (म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरीला 'चौदाशे चाळीसची' म्हणायचे, म्हणजे मिनिटाला १४४० फेरे घेणारी. मोटरीवरच्या पाटीवर तसंच लिहिलेलं असायचं. सूत्रात आकडे घालायचं शिकले त्या आठवड्यात मी मोटरीच्या वेगाचं सूत्र घेऊन ते करून पाहिलं : १२० गुणिले ५० हर्ट्झ, भागिले चार पोल, १५०० येतात. मग पाटीवर १४४० का? फरक ६०, म्हणजे चार टक्के. रविवारी व्हिडिओ कॉल लावून विचारलं, "आण्णा, मोटर पंधराशेनं का फिरत न्हाई?"

"जरा मागं पडती गं ती," आण्णा म्हणाले. "मागं पडती म्हणून तर वढती. बरुबरीनं फिरली तर जोर कुठनं यील?"

इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला स्लिप म्हणतात. सातवी शिकलेल्या माझ्या वडिलांना ती तोंडपाठ होती, आणि तिचे टक्के मी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी काढले. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.

आता अडचणी. आठवड्याला आठ ते दहा तास लागतात, आणि ते नोकरी-घर सांभाळून स्वतःच काढावे लागतात. मी पहाटे साडेचारला उठायची. ऑनलाइन तासांना इतर विद्यार्थी भेटतात, पण शेजारच्या बाकावर कुणी नसतं. ज्यांना मैत्रिणीबरोबर अभ्यास करायची सवय आहे त्यांना हे जड जाईल. टीएमएच्या तारखेच्या आधी मूल आजारी पडलं तर ट्यूटरला वेळेत कळवा, मुदत वाढवून मागता येते. आणि एमयू१२३ मध्ये कॅल्क्युलस नाही हे लक्षात ठेवा. ते मला पुढे टी१९४ या इंजिनिअरिंगच्या गणितात लागलं, आणि ती चढण उभी आहे. दोन्हींच्या मधे मी दोन महिने नुसतं बीजगणित घोटलं, तसं केलं नसतं तर दम लागला असता.

पैशाचं : बीए झालेलं असलं की दुसऱ्या पदवीला इथे सहसा सरकारी फी-कर्ज मिळत नाही. इंग्लंडमध्ये अर्धवेळ इंजिनिअरिंगला यात सवलत आहे, मात्र तुमचा इथला व्हिसा किंवा निवासाचा दर्जा अटीत बसायला हवा. मला हे आधी माहीत नव्हतं, मी दोन वर्षं फुकट थांबले.

पूर्ण ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची. वर्षाला ६० केली तर सहा वर्षं. माझ्या भाच्यानं तिकडे दहावीनंतर पॉलिटेक्निक करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. दहावी ताजी असेल आणि महाराष्ट्रातच असाल तर तोच रस्ता जवळचा, त्यासाठी बारावीचं गणित लागत नाही. भारतात परतून सरकारी नोकरी करायचा विचार असेल तर आणखी एक : तिकडे दूरशिक्षणातल्या इंजिनिअरिंग पदवीला मान्यता नाही, तेव्हा परदेशातली अशी पदवी चालेल का हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा तारा त्या टी१९४ च्या चढणीचा.

नाव घालणार असाल तर चाचणी आधी सोडवा, आणि उत्तरं चुकली तर ती वही जपून ठेवा. माझी अजून आहे. परवा थोरलीला अपूर्णांकांची बेरीज अडली तेव्हा तीच काढून दोघी बसलो होतो.